एका शालेय एमयूएन परिषदेचे परीक्षण : जागा वाटाघाटींना, दाद भाषणांना

यंदा आमच्या शाळेचा चमू ज्या आंतरशालेय एमयूएन परिषदेत (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे मुले एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन ठरावांचे मसुदे लिहितात अशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभांची प्रतिकृती) सहभागी झाला, तिचे हे परीक्षण आहे. मुलांसोबत गेलेली मार्गदर्शक शिक्षिका या नात्याने मला आमसभा, सुरक्षा परिषद आणि मानवी हक्क परिषद या तिन्ही समित्यांमध्ये मागच्या रांगेत बसून कामकाज पाहता आले, मसुदे वाचता आले आणि दिवस संपल्यावर मुलांशी सविस्तर बोलता आले. परिषदेचे नाव येथे देत नाही, कारण तिचे बहुतेक आयोजक स्वतः विद्यार्थी आहेत आणि तिच्यात जे दोष आढळले ते अशा परिषदांमध्ये सर्रास आढळतात. माझे मत सुरुवातीलाच सांगते : मुलांना वाटाघाटी शिकवण्याचे काम ही परिषद फार चांगल्या रीतीने करते, परंतु मुले जे शिकली त्याची दखल घेण्याची वेळ आली की ती भलत्याच गोष्टीकडे पाहते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभांची प्रतिकृती भरवण्याची ही परंपरा तिच्या पूर्वीच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) काळापासूनची आहे; १९२० च्या दशकातच विद्यापीठांमध्ये तशा सभा भरू लागल्या होत्या. शालेय विद्यार्थ्यांसाठीची हेग येथील थिमुन परिषद १९६८ पासून भरते. तिच्या पद्धतीत मुले आपली कलमे आधी लिहून आणतात आणि सुरुवातीचा वेळ समविचारी देशांचे मसुदे एकत्र करण्यात जातो. अमेरिकी वळणाच्या परिषदांमध्ये मात्र आधी लिहून आणलेला मसुदा बहुधा निषिद्ध असतो. आम्ही गेलो ती परिषद या दुसऱ्या वळणाची होती आणि तिने हे आपल्या नियमपुस्तिकेत पहिल्याच पानावर नोंदवले होते, त्यामुळे कोणत्याही शाळेला तयारी कशाची करायची याविषयी संभ्रम राहिला नाही.

आमसभेच्या समितीसमोर खोल समुद्रतळावरील खाणकामाचा विषय होता, आणि या समितीसाठी तयार केलेली पार्श्वभूमी पुस्तिका हा संपूर्ण परिषदेतील सर्वांत मोलाचा भाग होता असे मी निःसंकोचपणे म्हणेन. सहसा अशा पुस्तिका विश्वकोशातील परिच्छेद जोडून केलेल्या असतात. येथे मात्र लिहिणाऱ्याने विषय समजून घेतलेला होता. माल्टाचे राजदूत आर्विड पार्डो यांनी १ नोव्हेंबर १९६७ रोजी आमसभेच्या पहिल्या समितीत केलेल्या भाषणापासून पुस्तिका सुरू होते. कोणत्याही देशाच्या हद्दीत न येणारा समुद्रतळ हा अखिल मानवजातीचा सामायिक वारसा मानला जावा, ही मागणी त्या छोट्याशा बेटराष्ट्राने जगापुढे ठेवली, आणि १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराच्या १३६ व्या कलमात ती तत्त्व म्हणून उतरली. करार १९९४ मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी जमैकातील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण स्थापन झाले. हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान पसरलेल्या क्लॅरियन-क्लिपर्टन क्षेत्रात, चार ते सहा हजार मीटर खोलीवर, मँगेनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबे असलेले खनिज गोळे विखुरलेले आहेत आणि ते दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, ही माहितीही पुस्तिकेत होती. एकदा उचललेली गोष्ट मानवी कालगणनेत परत येणार नाही, हे त्या एका आकड्यावरूनच मुलांना कळले.

पुस्तिकेचा आणखी एक गुण म्हणजे तिने वाद कुठे आहे हे दाखवले, पण उत्तर सुचवले नाही. नाउरू या पॅसिफिकमधील बेटराष्ट्राने २०२१ मध्ये कराराशी निगडित असलेल्या दोन वर्षांच्या मुदतीच्या तरतुदीचा आधार घेऊन खाणकामाचे नियम पूर्ण करण्याचा आग्रह धरला. ती मुदत २०२३ मध्ये नियम तयार न होताच संपली. त्याच पॅसिफिकमधील पलाऊ, फिजी आणि सामोआ या देशांनी मात्र २०२२ मध्ये अशा खाणकामाला तूर्त स्थगिती देण्याची भूमिका घेतली. बेटराष्ट्रे म्हटली की सगळ्यांचे म्हणणे एकच असणार, हा समज घेऊन आलेल्या मुलांना पहिल्या तासातच आपली मांडणी बदलावी लागली. नाउरूचे प्रतिनिधित्व करणाऱ्या, दुसऱ्या एका शाळेच्या मुलीकडे सुरुवातीला सगळे खलनायकाच्या नजरेने पाहत होते. फॉस्फेटच्या खाणकामाने आपल्या बेटाचा मधला भाग कसा उजाड झाला आणि उत्पन्नाचे दुसरे साधन शोधणे ही आपल्या देशाची निकड कशी आहे, हे तिने आवाज न चढवता मांडले. त्यानंतर तिच्याशी वाद घालणाऱ्यांनी तिचे म्हणणे निदान ऐकून घेतले.

देशवाटपाचेही कौतुक करायला हवे. बहुतेक परिषदांमध्ये मोठ्या देशांसाठी झुंबड उडते आणि छोटे देश नवख्या मुलांच्या पदरी पडतात. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९३ सदस्य देश आहेत आणि आमसभेत त्या प्रत्येकाला एकच मत आहे, याचे भान या आयोजकांनी ठेवलेले दिसले. आमच्या शाळेच्या वाट्याला मंगोलिया आला. समुद्रतळाच्या चर्चेत समुद्रच नसलेला देश मिळाला म्हणून नववीतील ती दोन मुले खट्टू झाली होती, आणि पुस्तिकेतही भूवेष्टित देशांविषयी जवळजवळ काहीच नव्हते. तेवढी एक उणीव तीत होती. मुलांनी मग करारच उघडला. १४० व्या कलमात त्यांना असे आढळले की या समुद्रतळावरील कामे सर्व मानवजातीच्या हितासाठी व्हायची आहेत, मग एखादा देश किनाऱ्यावरचा असो वा भूवेष्टित. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १५० व्या कलमात, समुद्रतळावरील उत्पादनामुळे एखाद्या खनिजाचे भाव पडले आणि विकसनशील देशांच्या निर्यात उत्पन्नाला धक्का बसला, तर त्यांना संरक्षण मिळावे असे धोरण नमूद केलेले आहे. तांबे ही मंगोलियाची प्रमुख निर्यात आहे. कालपर्यंत निरुपयोगी वाटणारा देश त्यांना एकाएकी भक्कम हितसंबंध असलेला वाटू लागला.

या समितीतील अनौपचारिक चर्चेच्या वेळा, ज्यांना मुले सरसकट ‘अनमॉड’ म्हणतात, मी पूर्ण लक्ष देऊन पाहिल्या. अध्यक्षस्थानी असलेल्या विद्यार्थिनीने त्या पुरेशा लांब ठेवल्या, ही गोष्ट बारीक वाटली तरी निर्णायक ठरते. दहा मिनिटांची चर्चा असली की मुले फक्त ओळखीच्या घोळक्यात जातात. अर्धा-पाऊण तास मिळाला की घोळके फुटतात, कोणी तरी दुसऱ्या टेबलाकडे जाते आणि खरी देवघेव सुरू होते. स्थगितीवाले आणि नाउरूचे समर्थक यांच्यात मंगोलियाच्या जोडीने मध्यस्थी केली ती अशाच एका लांब सत्रात. नियम आणि पर्यावरणीय निकष पूर्ण होईपर्यंत प्रत्यक्ष उत्खननाची परवानगी देऊ नये, या बदल्यात लहान बेटराष्ट्रांना आर्थिक साहाय्य मिळावे आणि जमिनीवर खनिजे काढणाऱ्या विकसनशील देशांच्या नुकसानीचा विचार व्हावा, असे तीन धागे त्यांनी एका मसुद्यात गुंफले. नाउरूच्या प्रतिनिधीला त्यात मुदतीचा उल्लेख हवा होता, पलाऊच्या प्रतिनिधीला तो मुळीच नको होता. शेवटी निश्चित तारखेऐवजी दरवर्षी आढावा घेण्याची तरतूद आली आणि दोघांनीही सूचक म्हणून नावे घातली. ही तडजोड कोणा शिक्षकाने सुचवलेली नव्हती. मी तेथे बसून त्या मुलांच्या समजूतदारपणाचा मनापासून अभिमान बाळगला.

अध्यक्षांच्या तयारीचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. एका गटाच्या मसुद्यात समुद्रतळ प्राधिकरणाने खाणकाम तत्काळ बंद करावे असा थेट आदेश होता. अध्यक्षांनी तो मसुदा परत करताना शांतपणे समजावले की संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या १० ते १४ या कलमांनुसार आमसभा मुख्यतः शिफारशी करते, आणि प्राधिकरण ही स्वतंत्र करारातून उभी राहिलेली संस्था असल्यामुळे तिला आवाहन करता येते, हुकूम देता येत नाही. मसुदा नाकारला गेला असे त्या मुलांना वाटले नाही, कारण तो दुरुस्त कसा करायचा हेही त्यांना तेव्हाच सांगितले गेले. अधिकारकक्षेची ही जाणीव पाठ्यपुस्तकातील नागरिकशास्त्राच्या धड्यातून क्वचितच येते.

याउलट सुरक्षा परिषदेच्या समितीने निराशा केली. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात, त्यांपैकी पाच स्थायी; सनदेच्या २७ व्या कलमानुसार कोणताही निर्णय होण्यासाठी नऊ होकारार्थी मते लागतात, आणि कार्यपद्धतीच्या प्रश्नांवर नकाराधिकार चालत नाही. या समितीत मात्र आठ मतांना बहुमत मानून एक ठराव संमत झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि चर्चा तहकूब करण्याच्या साध्या प्रस्तावावर एका स्थायी सदस्याच्या प्रतिनिधीने वापरलेला नकाराधिकार ग्राह्य धरण्यात आला. स्थायी सदस्याने तटस्थ राहणे म्हणजे नकाराधिकार नव्हे, हा तेथील जुना प्रघात असून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ च्या नामिबियाविषयक सल्लागार मतात तो मान्य केला आहे; तोही येथे कोणाला ठाऊक नव्हता. त्यामुळे एका स्थायी सदस्याच्या प्रतिनिधीला, मनातून तटस्थ राहायचे असूनही, विरोधात मत द्यावे लागले. ज्या समितीचे सारे नाट्य मतदानाच्या नियमांवर उभे आहे, तिथे हेच नियम चुकावेत ही किरकोळ बाब नाही. मुले जे चुकीचे शिकली ते पुढच्या परिषदेत आत्मविश्वासाने इतरांना सांगतील.

शिवाय नकाराधिकार वापरला गेला की तेथील कामकाज जणू संपलेच, अशी मुलांची समजूत करून देण्यात आली. प्रत्यक्षात त्यानंतरची वाट अभ्यासण्याजोगी आहे. १९५० च्या ‘शांततेसाठी एकजूट’ या ठरावाने, सुरक्षा परिषद अडली तर आमसभेला तो विषय हाती घेऊन शिफारशी करता येतील असा मार्ग काढला. आणि एप्रिल २०२२ मध्ये आमसभेने असा ठराव केला की नकाराधिकार वापरला गेल्यावर दहा कामकाजी दिवसांच्या आत आमसभेची बैठक बोलावली जावी आणि त्यावर चर्चा व्हावी. त्याच इमारतीत शेजारच्या दालनात आमसभेची समिती बसलेली असताना या दोन समित्यांना जोडणारे एखादे संयुक्त सत्र सहज घेता आले असते. त्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या तासाने नवी संकटवार्ता, म्हणजे रचलेल्या काल्पनिक संकटाची बातमी, समितीत धाडली गेली. कधी अपहरण, कधी सत्तापालट, कधी स्फोट. मुले धावपळ करत राहिली, पण एकाही प्रश्नावर थांबून विचार करण्याची सवड त्यांना मिळाली नाही. संकट-समितीचा प्रकार मुळात वाईट नाही, मात्र प्रत्येक वार्तेचा आधीच्या निर्णयाशी कार्यकारणसंबंध असावा लागतो, आणि येथे तो दिसला नाही.

मानवी हक्क परिषदेविषयी थोडक्यात लिहिते. तिची ४७ सदस्यसंख्या सभागृहाला मानवणारी होती, अध्यक्ष नेमस्त होते, आणि जी मुले तासभर गप्प होती त्यांना चिठ्ठी पाठवून बोलते करण्याची त्यांची पद्धत मला आवडली.

आता पारितोषिकांविषयी, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी, विशेष उल्लेख वगैरे सन्मान कोणत्या निकषांवर दिले जाणार, हे ना नियमपुस्तिकेत होते ना उद्घाटनाच्या वेळी सांगितले गेले. पहिल्या संध्याकाळी मुलांमध्ये अशी कुणकुण पसरली की अध्यक्ष प्रत्येक भाषणाला गुण देत आहेत. ती खरी असो वा नसो, दुसऱ्या दिवशी सकाळी समित्यांचा नूर पालटला. आदल्या दिवशी एकमेकांना उरलेला वेळ देणारी मुले वक्त्यांच्या यादीत नाव घालण्यासाठी नामफलक उंचावून बसली, मसुद्याच्या सामायिक फाइलचा ताबा आपल्याकडे राहावा म्हणून ओढाताण झाली, आणि सूचकांच्या यादीत कोणाचे नाव आधी यावे यावर तडजोडीच्या मजकुराहून अधिक वेळ खर्च झाला. आमसभेतील पहिला सन्मान ज्या मुलाला मिळाला तो उत्तम वक्ता आहे यात शंका नाही. परंतु त्याने अखेरपर्यंत दुसऱ्या गटाची एकही दुरुस्ती स्वीकारली नाही. ज्यांच्यामुळे ठराव संमत झाला, त्या नाउरू, पलाऊ आणि मंगोलियाच्या प्रतिनिधींचा समारोपात उल्लेखही झाला नाही. हे मी आमच्या मुलांना बक्षीस न मिळाल्याच्या रागाने लिहीत नाही. ज्या तीन शाळांच्या मुलांनी मिळून ती तडजोड घडवली, त्यांना परतताना आपण नेमके काय साधले हे कोणीही सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रत्यक्ष कामकाजाकडे पाहिले तर हा दोष अधिक ठळक होतो. आमसभेचे बहुसंख्य ठराव मतदानाविना, सर्वसहमतीने संमत होतात. तेथील मुत्सद्द्यांचे कौशल्य न बोललेल्या वाक्यांत आणि मान्य केलेल्या दुरुस्त्यांत असते. खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ मध्ये जिनिव्हा, २०१० मध्ये क्वालालंपूर आणि २०११ मध्ये इंचॉन येथे जागतिक पातळीवरील प्रतिकृती परिषदा भरवल्या आणि त्यानंतर शाळा-महाविद्यालयांसाठी मार्गदर्शक साहित्य तयार केले. त्यातही सर्वसहमतीवर भर आहे. येथे मात्र एकाच विषयावर दोन प्रतिस्पर्धी मसुदे मतदानाला टाकून एकाला हरवण्याची रीत होती, आणि मतदानाच्या आधी दोन्ही मसुदे एकत्र आणण्यासाठी राखीव वेळच नव्हता. तो एक तास जरी वेळापत्रकात असता, तरी पारितोषिकांची स्पर्धा पुष्कळशी बोथट झाली असती. गुण द्यायचेच असतील तर स्वीकारलेल्या दुरुस्त्या, सर्व गटांतून मिळवलेला पाठिंबा आणि आपल्या देशाच्या भूमिकेशी राखलेली निष्ठा यांना द्यावेत, आणि ते निकष आधी छापावेत. प्रत्येक मुलाला अध्यक्षांकडून चार ओळींचा लेखी अभिप्राय मिळाला तर ढालीपेक्षा तो अधिक काळ उपयोगी पडेल.

तयार मजकुराचा प्रश्न यंदा प्रकर्षाने जाणवला. पहिल्या अनौपचारिक चर्चेनंतर काही गटांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून लिहून घेतलेली, गुळगुळीत आणि कोणत्याही समितीत चालतील अशी कलमे सादर केली. नियमपुस्तिकेत मनाई होती, पण तपासणी नव्हती. आमसभेच्या अध्यक्षांनी यावर साधा आणि परिणामकारक उपाय योजला : ज्याने कलम मांडले त्याने ते कागदाविना समजावून सांगावे आणि त्याचा खर्च, कार्यवाही करणारी संस्था व मुदत यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. दोनच फेऱ्यांत अशी कलमे मागे घेतली गेली. हा उपाय इतर दोन समित्यांमध्येही लागू व्हायला हवा होता.

ज्यांच्या शिक्षणाचे माध्यम परिषदेच्या भाषेहून वेगळे आहे, अशा मुलांसाठी या परिषदेत काहीही सोय नव्हती, आणि याकडे आयोजकांनी आस्थेने पाहावे अशी माझी विनंती आहे. मुद्दा पक्का असलेली, अभ्यास केलेली मुले केवळ अस्खलित बोलता येत नाही म्हणून मागे पडताना मी पाहिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषा आहेत, आणि आमसभेच्या नियमांनुसार प्रतिनिधीला अन्य कोणत्याही भाषेत बोलता येते, फक्त अधिकृत भाषेतील अनुवादाची व्यवस्था त्याने स्वतः करायची असते. प्रत्येक देशासाठी दोन विद्यार्थी असताना एकाने आपल्या भाषेत बोलावे आणि दुसऱ्याने त्याचा अनुवाद करावा, हे नियमाला धरूनच होईल आणि अनुवाद करणाऱ्यालाही एक नवे कौशल्य मिळेल.

व्यवस्थेबाबत फारसे म्हणण्यासारखे नाही. वेळापत्रक पाळले गेले, नोंदणी सुरळीत झाली, नवख्या मुलांसाठी घेतलेले नियमांचे सराव सत्र उपयुक्त होते. सूट-टायचा आग्रह मात्र अनावश्यक वाटला. स्वच्छ गणवेशात आलेल्या मुलांना अवघडल्यासारखे वाटावे, असे काही परिषदेत असू नये.

ज्या शाळा पुढील वर्षी येथे येण्याचा विचार करत असतील त्यांनी आमसभेच्या समितीत मुले अवश्य पाठवावीत, आणि शक्य झाल्यास लहान किंवा भूवेष्टित देश मागून घ्यावा. तयारीत भाषणांच्या पाठांतरापेक्षा मूळ करार वाचण्यावर वेळ द्यावा, कारण या समितीचे अध्यक्ष त्याची कदर करतात. सुरक्षा परिषदेसाठी नाव नोंदवण्याआधी मतदानाचे सुधारित नियम मागवून वाचावेत. आमच्या शाळेतर्फे आम्ही नियमांतील चुका, पारितोषिकांचे निकष आणि अनुवादाची सूचना या तिन्ही गोष्टी आयोजकांना लेखी कळवल्या आहेत. मतदानाचे नियम दुरुस्त करण्याचे त्यांनी मान्य केले आहे, उरलेल्या दोन मुद्द्यांवर त्यांच्या उत्तराची वाट आहे. मंगोलियाच्या जोडीने पुढच्या वर्षासाठी आताच नाव दिले आहे.